सोन्याले कायची आली नीती? एका प्रदर्शनात उठलेले प्रश्न

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या उमरेडकडच्या गावात बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं. शाळेच्या पटांगणात मांडव, त्यात सरगुंड्या, कुरड्या, भिवापुरी मिरचीचं तिखट, गोधड्या, बांबूच्या टोपल्या. यंदा कोपऱ्यातल्या एका टेबलावर काचेच्या पेटीत पाच सोन्याचे दागिने होते: सोन्याच्या मण्यांची एकदाणी, गव्हाच्या ओंबीची कर्णफुलं, पळसफुलाचं पदक, एक गोफ आणि एक साधी अंगठी. सगळे हाताने घडवलेले. आमच्याच गावची लेक परदेशात दागिने घडवायचं काम करते, ती माहेरपणाला येताना घेऊन आली होती. विकायला एकही नव्हता, फक्त दाखवायला. पेटीपुढे पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'नैतिक खाणीतल्या सोन्याचे हस्तघडणीचे दागिने'.

टेबलावर बसायची पाळी माझी होती. पहिल्याच तासाला एक म्हातारी आली. चष्मा वर करून तिने पाटी वाचली आणि म्हणाली, "सोन्याले कायची आली नीती जी, बाई? सोनं त सोनंच राह्यते."

मला नीट उत्तर देता आलं नाही. त्या रात्री त्या लेकीला समोर बसवून मी सगळं पहिल्यापासून समजून घेतलं आणि पुढचे दोन दिवस लोकांना सांगितलं. लोकांनी जे उलट प्रश्न विचारले, त्यांच्यामुळे पुन्हा वाचावं लागलं. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या पार गेला, तेव्हापासून सोनं हा पानठेल्यावरचाही रोजचा विषय झाला आहे. भाव सगळ्यांना पाठ आहे. ते सोनं निघालं कुठून आणि कुणाच्या हातांनी, हे त्या तीन दिवसांत विचारलं गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

## म्हातारीचं बरोबर होतं

सोनं हे मूलद्रव्य आहे. कर्नाटकातलं असो, पेरूतलं असो की घानातलं, शुद्ध केल्यावर त्यात कणाचाही फरक उरत नाही. ते गंजत नाही, किडत नाही, शंभर वेळा आटवा, तेच राहतं. म्हणून तर आपण ते पिढ्यान्‌पिढ्या जपतो. पण ह्याच गुणामुळे त्याच्या अंगावर त्याच्या जन्माची खूण राहत नाही.

मिरचीचं घ्या. भिवापुरी मिरची वाळत घातलेली असली तर आमच्याकडचं पोरही ती ओळखेल. तीच चक्कीवरून दळून आणली आणि त्यात दुसरीकडची मिसळली, की जाणकारालाही चाखून बघावं लागतं. सोनं हे जणू जन्मतःच दळलेलं तिखट आहे, आणि ते चाखूनही काही कळत नाही. कुठल्या शेतातलं ते फक्त पुडीवरच्या चिठ्ठीवरून कळणार, आणि चिठ्ठी लिहिणारा जेवढा खरा तेवढीच ती खरी.

तेव्हा 'नैतिक सोनं' नावाची सोन्याची वेगळी जात नाही. ज्या खाणीत काम करणाऱ्याला रास्त दाम मिळतो, लहान मुलांना राबवलं जात नाही, पाणी आणि जमीन नासणार नाही ह्याची काळजी घेतली जाते, आणि हे सगळं खाणवाल्याने नुसतं सांगितलेलं नसून बाहेरच्या कुणीतरी जाऊन तपासलेलं आहे, त्या खाणीतलं सोनं, एवढाच त्याचा अर्थ.

## एका अंगठीमागे एक ट्रॉली दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लेकीने एक काम केलं. रस्त्यासाठी आलेल्या गिट्टीची एक ट्रॉली तिने टेबलाशेजारी ओतायला लावली आणि ढिगाच्या टोकावर काचेच्या बरणीत ती साधी अंगठी ठेवली. खाली लिहिलं, 'एवढ्या दगडातून एवढं सोनं'. त्या दिवशी पेटीतल्या दागिन्यांपेक्षा त्या ढिगाभोवतीच जास्त गर्दी झाली.

आकडा असा आहे. आज जगातल्या अनेक खाणींत एक टन खडक फोडला की त्यातून एक ते पाच ग्रॅम सोनं मिळतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन माल धरला, तर हलका दगड असेल तेव्हा एक अंगठी, चांगला असेल तेव्हा तोळा-दीड तोळा. आणि हा झाला सोनं असलेला दगड. त्याच्यावरची जी माती आणि खडक आधी उकरून बाजूला टाकावा लागतो, तो वेगळाच. उमरेडच्या लोकांना हे समजावावं लागलं नाही. कोळशाच्या खुल्या खाणीशेजारी मातीचे डोंगर कसे उभे राहतात, पावसात ते कुठे वाहत जातात आणि शेजारच्या विहिरीचं पाणी कसं खाली जातं, हे त्यांनी घराच्या ओसरीवरून पाहिलं आहे.

सोन्याचं पुढचं काम कोळशापेक्षा अवघड असतं. दगडात सोनं डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक असतं, त्यामुळे दगड पिठासारखा दळून त्यातून ते रसायनाने ओढून काढावं लागतं. मोठ्या कंपन्यांच्या खाणी त्यासाठी सायनाइड वापरतात. उरलेला गाळ साठवून ठेवावा लागतो, आणि तो सांभाळायची जबाबदारी खाण बंद झाल्यावरही संपत नाही. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण. आज तिथे गावाशेजारी राखाडी गाळाचे प्रचंड ढीग उभे आहेत, आणि वारा सुटला की त्यांची धूळ घराघरांत शिरते.

त्या कोलारने सुमारे १२० वर्षांत मिळून ८०० टनांच्या आसपास सोनं दिलं. आपला देश आज तेवढं सोनं साधारण एका वर्षात बाहेरून आणतो. वर्षाला सातशे-आठशे टन आयात होते. देशातली मुख्य चालू खाण म्हणजे कर्नाटकातल्याच रायचूर जिल्ह्यातली हट्टीची, आणि तिचं वर्षाचं उत्पादन दीड टनाच्या आसपास. म्हणजे आपल्या गळ्यातली पोत घडली उमरेडला किंवा नागपूरच्या इतवारीत, पण तिच्यातल्या सोन्याचा जन्म बहुधा परमुलखातला.

## पारा: खरं दुखणं इथे आहे

मोठ्या कंपन्यांच्या पलीकडे सोन्याचं एक दुसरं जग आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियातल्या ऐंशीच्या वर देशांत दीड ते दोन कोटी माणसं स्वतःच्या हातांनी, कुदळ-फावडं आणि एखादं छोटं यंत्र घेऊन सोनं काढतात. त्यात बायका आहेत, लहान मुलं आहेत. जगात दरवर्षी निघणाऱ्या नव्या सोन्यातलं सुमारे एक पंचमांश ह्यांच्या हातून येतं. बहुतेक जण मुळात शेतकरी किंवा शेतमजूर. शेतीने पोट भरत नाही म्हणून खड्ड्यात उतरलेले. हे ऐकताना मांडवात बसलेल्यांपैकी कुणालाही ती माणसं परकी वाटली नाहीत.

त्यांच्याकडे सायनाइडचे कारखाने नाहीत. त्यांच्याकडे असतो पारा. आपल्या आज्या सांगायच्या, थर्मामीटर फुटला तर अंगठी दूर ठेव, सोनं पांढरं पडेल. पारा सोन्याला चिकटून बसतो, तोच गुण इथे वापरतात. दळलेल्या दगडात पारा घालून कालवतात. सोन्याचे बारीक कण पाऱ्यात शिरतात, मातीचे बाहेर राहतात. मग तो पारा फडक्यात घेऊन, चक्का पिळतो तसा पिळतात. हातात राहतो पारा आणि सोन्याचा मऊ, चंदेरी गोळा. तो विस्तवावर धरला की पारा वाफ होऊन उडतो आणि खाली सोनं उरतं.

उडालेली वाफ आधी त्या माणसाच्या छातीत जाते. पुष्कळ ठिकाणी हे काम घरातच होतं, कधी स्वयंपाकाच्या चुलीवर, स्वयंपाकाच्याच तव्यात, आणि शेजारी लेकरू बसलेलं असतं. हात कापायला लागतात, चालताना तोल जातो, विसर पडतो. बाकीचा पारा हवेतून आणि गाळातून नदीत जातो. तिथे सूक्ष्मजीव त्याचं आणखी विषारी रूप तयार करतात, ते माशांत साठतं आणि मासे खाणाऱ्या गर्भवतीच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. जपानच्या मिनामाता गावात एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने हेच झालं, तिथला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ पासून लागू आहे आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे, माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक ह्या छोट्या सोनेखाणींतून जातो. कोळसा जाळून जातो त्याहूनही जास्त.

मला हा आकडा वाचून झोप लागली नाही. मी तीस वर्षं मंगळसूत्र घातलं आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

## "मग हे सोनं घ्यायचंच बंद करा ना!"

एका कॉलेजच्या मुलाने हे म्हटलं. हेतू चांगला होता, पण तसं केलं तर मार कुणाला बसेल? सोनं विकत घेणाऱ्या मोठ्यांनी 'छोट्या खाणींचं नको' म्हटलं, की ती दीड-दोन कोटी माणसं खड्डा सोडत नाहीत. ती सोनं रात्री, चोरून, मिळेल त्या दलालाला विकतात. आधीच कमी मिळणारा भाव आणखी पडतो. व्यापारी गावात येऊन करतो त्या खेडा खरेदीत कापूस देणाऱ्या शेतकऱ्याचं काय होतं ते आठवा. नडलेला माणूस वजनातही फसतो आणि भावातही.

म्हणून दुसरी वाट काढली गेली. खाणकामगारांनी संघटना करायची, परवाना घ्यायचा, काही नियम पाळायचे, तपासणी होऊ द्यायची, आणि त्या बदल्यात त्यांना बांधील भाव मिळायचा. अशी दोन मोठी प्रमाणपत्रं आहेत, फेअरट्रेड आणि फेअरमाइन्ड. २०११ साली ब्रिटनमध्ये त्यांचं सोनं पहिल्यांदा एकत्र बाजारात आलं, पुढे ती दोन्ही वेगळी झाली. खाणी मुख्यतः पेरू आणि कोलंबियातल्या, काही मंगोलियासारख्या देशांतल्या. जगाच्या एकूण सोन्यात हे चिमूटभरच आहे. पण नोबेल शांतता पुरस्काराचं पदक २०१५ पासून फेअरमाइन्ड सोन्याचं बनतं, हे सांगितल्यावर मांडवातले बरेच जण पुन्हा एकदा पेटीजवळ जाऊन आले.

नियमांत काय असतं? लंडनच्या बाजारात ठरणाऱ्या सोन्याच्या भावाच्या किमान ९५ टक्के दाम खाणकामगारांच्या संघटनेला मिळालाच पाहिजे. पंधरा वर्षांखालचं मूल कामावर नको, अठराखालचं धोक्याच्या कामावर नको. आणि पारा? इथे मी सगळ्यांना जरा थांबवून सांगितलं, कारण पाटीवरच्या 'नैतिक' शब्दाने इथे गैरसमज होतो. नैतिक म्हणजे बिनपाऱ्याचं असं नाही. फेअरट्रेडमध्ये पारा चालतो, पण उघड्यावर आणि घरात जाळायचा नाही. झाकलेल्या भांड्यात तापवून वाफ नळीतून थंड करायची आणि तोच पारा परत धरायचा. मोहाची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला ही रचना लगेच कळेल. वाफ बाहेर जाऊ न देता परत थेंब करायची, एवढंच. पारा आणि सायनाइड अजिबात न वापरता काढलेल्या सोन्यासाठी फेअरमाइन्डमध्ये वेगळा, वरचा दर्जा आहे. तिथे पाणी आणि उतार वापरून, जड सोनं खाली आणि हलकी माती वर, अशा पद्धतीने काम चालतं. आपली आई सुपात गहू पाखडते किंवा तांदूळ रोवळीत घोळून खडे मागे ठेवते, ते तत्त्व हेच.

दामावर आणखी एक जादा रक्कम असते. फेअरट्रेडमध्ये किलोमागे २,००० डॉलर, फेअरमाइन्डमध्ये ४,००० आणि त्या वरच्या दर्जाला ६,०००. ही रक्कम कुठे खर्चायची ते खाणकामगारांची सभा ठरवते: झाकणाची भांडी, दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या लोकांना ह्याचा एक चुलतभाऊ माहीत आहे. २०१५ च्या कायद्याने आपल्याकडे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणपट्टाधारक रॉयल्टीच्या काही टक्के त्यात भरतो आणि तो पैसा खाणीने बाधित गावांवर खर्च व्हायचा असतो. फरक सभेचा आहे. तिथे खड्ड्यात उतरणारेच बसून ठरवतात. आपल्याकडे खर्चाचा निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी होतो, आणि माझ्या गावाला त्याची खबर बहुतेकदा फलक लागल्यावरच मिळते.

## जिनिंगमध्ये गेल्यावर कुणाचा कापूस कुणाचा?

हा प्रश्न एका शेतकऱ्याने विचारला, आणि सगळ्यात कठीण हाच होता. खाण चांगली असेल हो, पण तिथून इथपर्यंत सोनं तेच आलं हे कशावरून?

खाणीतलं कच्चं सोनं शुद्धीकरणाच्या कारखान्यात जातं. तिथे दहा जागचं सोनं एका मुशीत आटतं. आपल्या कापसाचं तसंच. तुम्ही फवारा न मारता पिकवलेला कापूस जिनिंगच्या गंजीत शेजारच्याच्या कापसात पडला, की गाठीत तुमची रुई शोधणं शक्य नाही. मग दोनच वाटा उरतात. पहिली, तुमचा कापूस वेगळा ठेवायचा, वेगळ्या दिवशी त्याची सरकी काढायची, गाठीवर वेगळी खूण करायची. दुसरी, हिशेबाची वाट: तुम्ही दहा क्विंटल दिला ना, मग कारखान्याने त्या नावाने तेवढ्याच्या हिशेबाचीच रुई विकायची, धागा प्रत्यक्ष कुणाचा का असेना. फेअरमाइन्डमध्ये ह्या दोन्ही वाटा आहेत. दुसऱ्या वाटेने पैसे खाणकामगाराला पोचतात, पण 'ह्या अंगठीतला कण त्या खाणीतला आहे' असं म्हणता येत नाही. म्हणून प्रदर्शनात दागिना मांडताना ही वाट कोणती ते लिहिलं पाहिजे. आमच्या पेटीतल्या चार दागिन्यांचं सोनं पहिल्या वाटेचं होतं आणि त्या लेकीकडे प्रत्येक हस्तांतराचा कागद होता. मी तो पाहिला, मगच पाटी राहू दिली.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने ह्याच कागदासाठी भांडण केलं होतं. २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गाडीत भरून बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. माल तुमचा असणं आणि तो तुमचाच आहे हे सांगणारा कागद तुमच्या हातात असणं, ह्यात किती अंतर आहे ते त्या गावाला विचारा.

देशोदेशीच्या आयातीच्या कागदांचं तर अजबच आहे. आपल्याकडे येणाऱ्या सोन्यात सगळ्यात मोठा वाटा स्वित्झर्लंडचा. तिथे सोन्याच्या खाणी नाहीत, मोठमोठे शुद्धीकरण कारखाने आहेत. कागदावर सोनं स्विस, जन्म भलतीकडचा. युद्धग्रस्त भागातल्या टोळ्यांचं सोनं असंच मिसळून जाऊ नये म्हणून २०१२ पासून लंडनच्या सराफा संघटनेने आपल्या मान्यताप्राप्त कारखान्यांना माल कुठून आला ते तपासायची सक्ती केली. चाळणी चांगली आहे, पण भोकं मोठी आहेत. त्यातून पार झालेलं सोनं नैतिकच असतं, असं म्हणायला मी धजणार नाही.

## "हॉलमार्क आहे ना, मग झालं!"

हे तर निम्म्या लोकांनी म्हटलं. हॉलमार्क ही सरकारी संस्थेची, भारतीय मानक ब्युरोची, शुद्धतेची खूण. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर तीन गोष्टी असतात: ब्युरोचं चिन्ह, शुद्धता, म्हणजे बावीस कॅरेटला २२के९१६, आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा त्या नगाचा स्वतःचा क्रमांक. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की सराफ कोण, तपासणी केंद्र कोणतं, दागिना कोणता, शुद्धता किती, हे दिसतं. फार कामाची सोय आहे, आणि आपल्याकडच्या बायकांनी ती वापरायलाच हवी. पण त्यात खाणीबद्दल एक अक्षर नाही. हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो.

प्रदर्शनात विक्री करणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रदर्शन आहे म्हणून हॉलमार्क लागत नाही, असं काही जण सांगतात. सूट आहे ती आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांना आणि व्यापाऱ्यांसाठीच्या सरकारमान्य प्रदर्शनांना. गावातल्या गिऱ्हाइकाला विकताना ती सांगता येत नाही. वर्षाला चाळीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या सोनारांना आणि दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना वेगळी सूट आहे. तरी माझं मत, मोठा दागिना विकत असाल तर सूट असूनही हॉलमार्क करून घ्या.

## जुनी पोत मोडून नवी केली तर?

माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हाच. भारतात आज फेअरट्रेड किंवा फेअरमाइन्डची एकही खाण नाही. तालुक्याच्या गावातल्या सोनाराला ते सोनं उद्या मिळणार नाही. पण त्याच्या दुकानात रोज मोड येते. आजीची पुतळ्यांची माळ, झिजलेल्या पाटल्या, एकच राहिलेलं कानातलं. ते आटवून नवा दागिना केला, तर त्यासाठी नवा खड्डा खणावा लागत नाही, पारा जाळावा लागत नाही.

पण इथेही शब्द जपून वापरायला हवेत. सोनं कुणी फेकून देत नाही, ते पूर्वीपासून फिरतच आलं आहे. जगाच्या वार्षिक पुरवठ्यातला सुमारे पाव हिस्सा जुन्या सोन्याचाच असतो. प्लॅस्टिकची बाटली परत वापरली की कचरा वाचतो, तसं इथे होत नाही. तुम्ही मोड वापरलीत म्हणून पेरूतल्या माणसाच्या हातातला पारा सुटत नाही, त्याला चार पैसे जास्तही मिळत नाहीत. शिवाय बाजारात 'जुनं सोनं' ह्या नावाखाली कालचंच चोरीचं, तस्करीचं सोनं वितळवून खपवणं फार सोपं आहे. म्हणून मोडीच्या दागिन्यावर 'नैतिक' लिहू नये. 'अमक्या घरच्या जुन्या गोफाचं सोनं' असं लिहावं. ते खरं असतं, आणि गिऱ्हाइकाला ते जास्त आवडतंही. सोनार ओळखीचा असेल तर समोर बसून आपलंच सोनं आटवून घेता येतं, घट किती आली ते डोळ्यांनी दिसतं.

मोडीबद्दल बोलताना वैनगंगेच्या खोऱ्यातल्या सोनझारी समाजाचं नाव घ्यायलाच हवं. पूर्वी नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारी ही माणसं आता सराफ्यातल्या गल्ल्यांची धूळ आणि नाल्यांतला गाळ गोळा करतात, लाकडी पात्रात धुतात, आणि आपण ज्याला केर म्हणतो त्यातून गुंजभर सोनं काढतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे कसब. काही ठिकाणी ह्या कामातही पारा आणि तेजाब उघड्या हातांनी वापरतात. दूरदेशच्या खाणकामगाराची काळजी करताना आपल्याच सराफ्याच्या नालीवर वाकलेला हा माणूस नजरेआड होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्याला हातमोजे आणि झाकणाचं भांडं मिळालं, तर तीही नैतिक सोन्याचीच सुरुवात आहे.

आणि सोनार स्वतः? पूर्वी सोन्याला डाक देताना, म्हणजे सांधा जोडताना, कॅडमियम वापरायचे, त्याला 'केडीएम' म्हणत. अजूनही काही गिऱ्हाइकं केडीएम म्हणजे उत्तम, असं समजून मागतात. त्या कॅडमियमचा धूर कारागिराची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खातो. दागिना हाताचा आहे म्हणताना तो हात निरोगी राहिला का, हेही विचारा.

## किती महाग पडेल?

हिशेबापुरता डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरू. फेअरट्रेडची जादा रक्कम ग्रॅममागे दोन डॉलर, म्हणजे दहा ग्रॅमला साधारण १,७०० रुपये. फेअरमाइन्डची त्याच्या दुप्पट, ३,४०० च्या आसपास. तोळा लाखाचा धरला तर हे साधारण पावणेदोन ते साडेतीन टक्के झाले. बऱ्याच दुकानांत घडणावळच ह्याच्या कितीतरी पट असते. वेगळं शुद्धीकरण, वेगळी वाहतूक आणि तपासणीचा खर्च ह्यांनी दुकानातली किंमत आणखी वाढते, हे खरं. तरी जेव्हा कुणी म्हणतं की खाणकामगाराला रास्त दाम देणं परवडत नाही, तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा.

हाताच्या घडणीचं वेगळं मोल आहे. त्या एकदाणीची तार जंतरातून, म्हणजे भोकं असलेल्या पट्टीतून, एकेक भोक बारीक करत ओढलेली होती, मणी एकेक करून डाकलेले. एकदाणीला त्या लेकीला अकरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने जंतर आणि सांडशी घेऊन तांब्याची तार सगळ्यांसमोर ओढून दाखवली. पोरांनी रांग लावून तार ओढली. मशीनचा दागिना आणि हाताचा दागिना ह्यांत फरक का, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही.

## आणि आपल्याच जमिनीत निघालं तर?

शेवटच्या दुपारी चर्चा इकडे वळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे ब्लॉक, म्हणजे सोनं असलेले जमिनीचे पट्टे, असल्याचं सांगितलं होतं, ते अनेकांच्या लक्षात होतं. खाण होईल की नाही हा पुढचा भाग. जमिनीत सोनं असणं आणि ते काढणं परवडणं, ह्यात फार अंतर असतं. पण झालीच, तर पेरूतल्या त्या सभेला जे विचारावं लागलं, तेच आपल्या ग्रामसभेला विचारावं लागेल: गाळ कुठे साठवणार, विहिरींचं पाणी कोण आणि कितीदा तपासणार, त्याचे आकडे मराठीत फलकावर लागणार का, काम कुणाला, जादा पैसा कुणाच्या सहीने खर्च होणार, आणि खाण बंद झाल्यावर ढिगाऱ्याचा मालक कोण. कोळशाच्या वेळी हे प्रश्न उशिरा विचारले गेले. सोन्याची चमक आली की ते विचारायचं धाडस आणखी कमी होईल, ही माझी भीती आहे.

## त्या पाटीचं काय झालं

तिसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही 'नैतिक खाणीतल्या सोन्याचे' ही पाटी काढली. तिच्या जागी प्रत्येक दागिन्यापुढे वेगळं कार्ड ठेवलं. चार कार्डांवर देश, खाणकामगारांची संघटना, प्रमाणपत्र, पारा वापरला की नाही, वजन, शुद्धता, घडवायला लागलेले दिवस. पाचवी ती साधी अंगठी, बरणीतली. तिचं सोनं त्या लेकीच्या आईच्या तुटलेल्या बाळीचं होतं, पाटीमुळे ते दोन दिवस उगाच खाणीचं म्हणून मिरवत होतं. तिच्या कार्डावर तेच लिहिलं.

संध्याकाळी मांडव उतरवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशीची म्हातारी परत आली. एकेक कार्ड सुनेकडून वाचून घेतलं. मग गळ्यातली काळी पोत पुढे ओढून, मधले चार सोन्याचे मणी बोटावर घेऊन म्हणाली, "याची बी एक चिठ्ठी लिवून दे जी, बाई."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. सासूच्या एकदाणीतले मणी. दुष्काळाच्या साली एकदाणी गहाण पडली, सुटली तेव्हा अर्धीच सुटली. उमरेडच्या सोनाराने पुन्हा ओवून दिली, मजुरीत ज्वारी घेतली. वजन तिला गुंजांत पाठ होतं. सगळं लिहून झाल्यावर खाणीची ओळ राहिली. मी थांबले, तर तीच म्हणाली, "माईत नाई, अस्संच लिव."

तसंच लिहिलं. तिने कार्डाची घडी करून कनवटीला लावली.